बुलमॅस्टिफ पिल्लू आणताय? आधी एवढं सांभाळा

अभिनंदन, आणि घाबरू नका. कुत्र्याची ही जात शांत आहे. 19व्या शतकात इंग्लंडमध्ये चोरटे शिकारी पकडायला ती घडवली. गुपचूप गाठायचं, खाली पाडून दाबून धरायचं, पण फाडायचं नाही. म्हणून हा उगाच भुंकत नाही, दाराशी येऊन नुसता आडवा उभा राहतो. तुमच्या हुकमाची वाट न बघता स्वतःच ठरवतो, आणि नवखे नेमके इथेच फसतात.

- 'राखणीचा आहे, परक्यांपासून लांबच ठेवू' ही सगळ्यात महागात पडणारी चूक. राखण उपजत असते. शिकवायचं असतं ते कोणाला सोडायचं हे. पहिल्या 14 आठवड्यांत छत्री, काठी, हेल्मेटवाला माणूस, धावणारी मुलं, सगळं दाखवा. लसी व्हायच्या असतील तर कडेवर घेऊन.
- गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं थांबतं, चावणं नाही.
- सैल पट्ट्यावर चालणं आत्ताच शिकवा. नर 50 ते 59 किलोचा होतो. मग ओढाताणीत तुम्ही हरणार.
- वरून कॅल्शियम नको, हाडं-सांधे बिघडतात.
- जेवण विभागून द्या. पोट फुगलंय आणि नुसतेच उमासे येतायत? तडक डॉक्टर, सकाळची वाट बघू नका.

दुसरा नर आणायचा विचार तूर्त बाजूला ठेवा.