सुपारी गळतेय, औषध खोटं नाही. ते या रोगाचं नाही

पावसाने जोर धरला की आमच्या कार्यालयाच्या फोनवर आंब्याची चौकशी थांबते आणि पोफळीची सुरू होते. या आठवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतले आहेत. तिन्हींचा धागा एकाच रोगाशी जुळतो.

प्रश्न : दोडामार्ग तालुक्यात माझी पोफळीची बाग आहे. पंधरा दिवसांपासून हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडतोय. दुकानातून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणून दोनदा फवारलं, गळ थांबली नाही. औषध बनावट असेल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या फोटोत सुपारीच्या देठाकडच्या टोपीजवळ पाणी शोषल्यासारखा गडद हिरवा डाग दिसतो, आणि एका सुपारीवर पांढरा कापसासारखा थर. हा कोळेरोग. नाव कानडीतून आलंय, तिकडे 'कोळे' म्हणजे कुजणं. पिकावरच्या कोळी किडीशी त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नाव ऐकून कोळीनाशक आणणारेही भेटलेत.

औषध बनावट असेलच असं नाही. अस्सल असतं तरी गळ थांबली नसती. कोळेरोग फायटोफ्थोरा या जंतूमुळे होतो. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीतल्या एका प्रथिनाला धरून पेशीचं विभाजन अडवतं. फायटोफ्थोराच्या प्रथिनावर त्याची पकड बसत नाही. उद्या कुणी हेक्झाकोनॅझोल सुचवेल, तेही नको. ते बुरशीला लागणारं अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही, आणि हा जंतू अर्गोस्टेरॉल बनवतच नाही. ज्या घरात चूलच पेटत नाही तिथलं सरपण लपवून काय होणार?

इथे चालतं ते तांबं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं आपलं जुनं एक टक्का बोर्डो मिश्रण. पण त्याची खरी वेळ पाऊस लागण्याआधीची, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीची. दुसरी फवारणी 40 ते 45 दिवसांनी उघडीप बघून, आणि पाऊस लांबला तर तिसरी. तांबं सुपारीच्या सालीवर आधीच बसलेलं असलं तर जंतूला अंकुर फुटतानाच अडवतं. आत शिरलेला रोग ते बरा करत नाही. त्यामुळे यंदा डाग पडलेल्या सुपाऱ्या वाचणार नाहीत, हे स्पष्टच सांगतो. वाचवायचे आहेत ते निरोगी घड.

आता लगेच काय? गळलेल्या सुपाऱ्या रोज वेचा. पोफळीच्या बुंध्याशी ढीग करून ठेवू नका, बागेबाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. झाडावर कुजलेली शिंपुटं लटकत असतील तर तीही उतरवा. पावसाचा थेंब अशा घडावर आपटला की त्याचे शिंतोडे रोग घेऊन शेजारच्या घडावर जातात. एक दिवस उघडीप मिळाली की चांगल्या घडांवर बोर्डो मारा. चढणारा माणूस मिळत नाही ही अडचण मला माहीत आहे. लांब काठीला नोझल लावून खालून फवारता येतं, फक्त फवारा घडावर पडतोय की नुसता झावळांवर, हे मान वर करून बघा. रोग शेंड्यात उतरला तर अख्खं झाड जातं. त्यामुळे कोवळं पान पिवळं पडून ओढल्यावर सहज हातात आलं, तर वेळ न घालवता कळवा.

प्रश्न : बोर्डो घरीच केलं. फवारल्यावर खालच्या मिरीच्या वेलाची पानं करपली. प्रमाण तर एक किलो-एक किलोच होतं.

उत्तर : प्रमाण बरोबर, चुना शिळा. घरात उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन निकामी होतो. वजन एक किलो भरतं, पण काम अर्ध्या किलोचंही होत नाही. मग मोरचूद मोकळं राहतं आणि पानं जाळतं. पाण्यात टाकल्यावर फसफसून तापेल असाच कळीचा चुना घ्या.

एक किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये. मोरचूद फडक्यात बांधून पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर लोंबकळत ठेवा. तळाशी टाकलं तर तिथेच बसतं, विरघळायला वेळ लावतं. चुन्याचं पाणी गाळून घ्या, नाहीतर नोझल दर पाच मिनिटांनी साफ करावं लागेल. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत सतत ढवळा. उलट ओतू नका. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं असावं, लोखंडी बादली नको.

मग परीक्षा. घासून चकचकीत केलेलं कोयतीचं पातं मिनिटभर मिश्रणात बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, चुन्याचं पाणी आणखी घाला. पातं जसंच्या तसं निघालं तर फवारा. कीटकनाशक त्यात मिसळू नका, आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. पंप व्हाळात धुऊ नका, तांबं माशांना विष आहे.

मिरीवरून एक सांगतो. वेल एकाएकी मरतो तो रोगही याच गोत्रातला आहे. पण बुंध्याशी ट्रायकोडर्मा (रोगाच्या जंतूंना आवर घालणारी उपयोगी बुरशी) घातलं असेल तर त्याच वेळी तिथे तांबं ओतू नका. ट्रायकोडर्मा खरी बुरशी आहे, तीच मरेल.

प्रश्न : मी कृषी पदविकेची विद्यार्थिनी आहे. पुस्तकात कोळेरोग 'बुरशीजन्य' लिहिलंय, सर म्हणाले फायटोफ्थोरा बुरशी नाही. परीक्षेत काय लिहू?

उत्तर : 'बुरशीसदृश जंतू' लिहा आणि कारण द्या. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीत कायटिन. त्याचे बीजाणू शेपट्यांनी पाण्यात पोहतात. नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाला जवळचा. पुस्तकही अगदीच चुकलेलं नाही. डी बॅरी या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 मध्ये फायटोफ्थोरा हे नाव दिलं (ग्रीकमध्ये अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा') तेव्हा तो बुरशीतच मोजला जायचा. म्हैसूर संस्थानात आलेले लेस्ली कोलमन हे कॅनेडियन शास्त्रज्ञ 1910 च्या सुमारास मलनाडात (कर्नाटकातल्या घाटालगतच्या डोंगराळ भागात) कोळेरोगावर काम करत होते, तेही त्याला बुरशीच म्हणत. तरी उपाय त्यांनी अचूक धरला : पावसाआधी बोर्डो. नाशिकचे द्राक्षवाले ज्याला डाऊनी म्हणतात, त्याच द्राक्षावरच्या केवडा रोगावर फ्रान्समध्ये 1880 च्या दशकात हे मिश्रण निघालं, आणि डाऊनीचा जंतू कोळेरोगाच्याच चुलत घराण्यातला. परीक्षेत मीही एकदा कोळेरोगावर कार्बेन्डाझिम लिहून आलो होतो. गुण गेले, पण उत्तर तेव्हापासून पाठ आहे.

स्वतः बघायचं असेल तर नुकती गळलेली, डाग असलेली एक सुपारी धुऊन घ्या. झाकणाच्या डब्यात ओला कागद घालून त्यावर ठेवा आणि डबा सावलीत असू द्या. दोन-तीन दिवसांत डागावर पांढरी लव येईल. तिचा कण थेंबभर पाण्यात घेऊन महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलात तर लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतील. पाणी गार असेल आणि नशीब असेल तर त्या फुटून बीजाणू पोहत बाहेर पडतानाही दिसतील. बघून झालं की सुपारी उकळत्या पाण्यात टाका, मगच फेका. मागच्या वर्षी एका मुलाने ती थेट घराच्या मागच्या पोफळीखाली भिरकावली होती.