चौदा ओळी भरल्या म्हणजे सुनीत होते का?

प्रश्न : माझी चौदा ओळींची प्रेमकविता सोबत पाठवत आहे. तिची सुरुवात ‘तुझ्या पावलांची मला ओढ लागे, उन्हाच्या दुपारी मनी चंद्र जागे’ अशी आहे. लघू-गुरू (आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरे) मांडताना मी पहिल्याच शब्दाशी अडते. हे वृत्त कोणते, आणि या कवितेला सुनीत (इंग्रजीतील सॉनेट) म्हणता येईल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपली कविता भुजंगप्रयात वृत्तात आहे. या वृत्ताच्या चरणात बारा अक्षरे असतात आणि ‘लघू, गुरू, गुरू’ हा तीन अक्षरांचा गट, म्हणजे य गण, चार वेळा येतो. ‘झ्या’ हे जोडाक्षर पाहून आपण ‘तु’ गुरू धरलात आणि तेथेच मांडणी बिघडली. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच ते गुरू होते. ‘तुझ्या’ किंवा ‘उन्हाच्या’ म्हणताना तसा आघात येत नाही, म्हणून ‘तु’ आणि ‘उ’ लघूच राहतात. ‘तुझ्यापा, वलांची, मलाओ, ढलागे’ असे तोडून म्हणावे. मनाचे श्लोकही याच वृत्तात आहेत. समर्थांच्या वृत्तात प्रेम कसे मांडावे, असा संकोच मात्र बाळगू नये.

नववी ओळ, ‘तुझे हसणे ऐकता रात्र जाते’, म्हणताना अडखळते. अक्षरे बाराच भरतात, त्यामुळे मोजताना दोष दिसत नाही; पण तिसऱ्या जागी गुरू हवा असताना तेथे ‘ह’ हा लघू आला आहे. ‘तुझे हासणे’ केले की ओळ सरळ होते आणि हे रूप मराठी कवितेत रुळलेलेही आहे.

सुनीताविषयी मात्र माझे उत्तर नकारार्थी आहे. केशवसुतांनी १८९२ साली मराठीत आणलेला आणि पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी जोपासलेला हा प्रकार केवळ ओळींच्या संख्येवर उभा नाही. पहिल्या आठ ओळींत विचार उभा राहतो आणि पुढील सहा ओळींत, कधी अगदी शेवटच्या दोन ओळींत, त्याला कलाटणी मिळते. आपल्या कवितेत पहिल्या ओळीतील ओढ चौदाव्या ओळीपर्यंत तशीच राहते, शिवाय यमकही दोन-दोन ओळींचे आहे. तेव्हा तिला सात द्विपदींची कविता म्हणावे. त्यात काही उणेपणा नाही. सहाव्या द्विपदीत ‘पाहू’ आणि ‘राही’ यांचे यमक जुळत नाही. तेथे ‘राहू’ बळेच बसवण्यापेक्षा ती ओळ नव्याने लिहावी.