लहान फाउंड्रीत सेफ्टीची जबाबदारी अंगावर आली आहे, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) लहान आहे, सुपरवायझरकीसोबत सेफ्टीचं कामही तुमच्या गळ्यात पडलंय आणि मालक म्हणतात, "हेल्मेट, गॉगल, हातमोजे काय लागतात त्याची यादी द्या." ती यादी थोडे दिवस बाजूला ठेवा. मी बरीच वर्षं मेल्टिंगवर होतो, नंतर सेफ्टीकडे वळलो. माझ्या पाहण्यात असं आहे की यादी मंजूर झाली की मालकाला काम संपल्यासारखं वाटतं. म्हणून आधी पाणी आणि धूळ कुठे कुठे आहे ते शोधा.

पाणी पहिलं, कारण ते सवड देत नाही. रसाखाली, म्हणजे वितळलेल्या धातूखाली, पाणी सापडलं की त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1,600 पट जागा लागते. वरचा रस उडवूनच ती जागा मिळते. ओलं स्क्रॅप, तोंडबंद डबे, दोन्ही टोकं चेपलेले पाइप, नीट न तापवलेलं लॅडल (रस न्यायचं-ओतायचं भांडं), सॅम्पलचा ओलसर चमचा, सगळ्यांचा परिणाम तोच. स्क्रॅप छपराखाली आहे का? माल उशिरा निघतोय म्हणून लॅडल तापवण्यात कोणी काटकसर करतंय का? इंडक्शन (विजेच्या कॉइलची) भट्टी असेल तर रस सांडण्यासाठी केलेला खड्डा स्वतः वाकून बघा. पुष्कळ ठिकाणी त्यात पाणी किंवा भंगार असतं. लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, फुटलं तर ज्या खड्ड्याने वाचवायचं, तिथेच स्फोट होणार. अर्थ लीकेजचा अलार्म (रस अस्तरातून कॉइलकडे झिरपला की इशारा देणारा) "उगाच वाजतो" म्हणून कोणी बंद करून ठेवला असेल तर आजच चालू करा. तो बहुतेक वेळा उगाच वाजत नाही. आणि भट्टीत वर स्क्रॅप अडकून पूल धरला असेल तर सळईने टोचत बसायचं नाही. आधी पॉवर बंद, माणसं लांब. पुलाखालचा रस तापतच असतो, वरून ते कळत नाही.

धुळीवर मात्र मी जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. भट्टीला सगळेच घाबरतात, फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग (ओतलेला भाग) घासून साफ करण्याच्या, धुळीला कोणी घाबरत नाही. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं), फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग (छऱ्यांच्या माऱ्याने सफाई), जुनं लायनिंग फोडणं, या सगळ्यांत वाळूतली सिलिका बारीक होऊन हवेत येते. कपड्यावर दिसते ती धूळ जाड असते. फुप्फुसात खोल उतरणारे कण 10 मायक्रॉनहूनही लहान असतात, ते दिसत नाहीत आणि लवकर खाली बसत नाहीत. सिलिकोसिस बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि अशा माणसाला क्षयाचा धोका जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1997 साली ही धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली. लोखंड-पोलाद ओतण्याचं काम, एक व्यवसाय म्हणूनच, त्याच गटात आहे. अमेरिकेत 2016 च्या नियमाने आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमवर आणली. एवढी धूळ डोळ्याला दिसायची नाही. एक सोपी युक्ती सांगतो: अंधार पडल्यावर शेडमधले दिवे मालवा, तेज झोताचा टॉर्च धुळीच्या पलीकडे ठेवून झोताच्या दिशेने, पण थोडं बाजूने बघा. मोजमाप होणार नाही, पण धूळ कुठून उठते आणि कोणाच्या तोंडाकडे जाते ते मालकालाही दिसेल. पुढचं बोलणं सोपं होतं.

मग शिफ्ट संपताना एअर होजने कपडे झटकणं बंद करा. सगळे करतात, आणि दिवसभरातली सगळ्यात वाईट धूळ बहुधा त्या दोन मिनिटांत उडते. झाडू नको, योग्य फिल्टरचा व्हॅक्यूम हवा. पाणी मारून झाडायचं तर भट्टी आणि पोअरिंगपासून (रस ओतायच्या जागेपासून) लांब. ग्राइंडरला हवा खेचणारं हूड लावा, तेही कामाच्या अगदी जवळ, छताजवळचा पंखा नव्हे. त्याहून मोठा फायदा मोल्डिंगमध्ये आहे. साचे नीट जुळले, वाळू कास्टिंगला चिकटली नाही, तर घासायलाच कमी उरतं. धूळ कमी, आवाज कमी, ग्राइंडरची थरथरही कमी. रिजेक्शनचा हिशेब मांडणाऱ्या मालकाला हा मुद्दा लगेच पटतो, असा माझा अनुभव.

यानंतर यादी काढा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ही धूळ अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. पोअरिंगला पॉलिस्टरचे कपडे नकोत, वितळून कातडीला चिकटतात. पँट बुटाच्या बाहेर, बूट बिनलेसचे. आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की आठ तासांचा सुरक्षित वेळ दर 3 डेसिबलला निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम पाव तास. कोअर शॉपमध्ये (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनतात तिथे) कोणाला दिवे निळसर, धुरकट दिसू लागले तर कोल्ड बॉक्सचा अमीन (गाभे न तापवता घट्ट करायला वापरतात तो वायू) गळतोय. ओतलेल्या साच्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, तेव्हा तिथली हवा खेळती हवी.

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ भट्टीसमोर उभं करू नका. पाचव्या हिश्श्यापासून सुरुवात करून रोज तेवढंच वाढवत न्या. पगार नगावर असेल तर पाणी प्यायला कोणी थांबत नाही. विश्रांतीची वेळ पगारात धरली तरच लोक विश्रांती घेतात. हे मालकाशी भांडून घ्यावं लागेल, पण मास्कपेक्षा मी आधी यासाठी भांडेन.

आणि छातीचा एक्स-रे, फुप्फुसांची क्षमता, कानांची तपासणी माणूस कामावर घेतानाच करून घ्या, नाहीतर पुढे बिघाड कधी सुरू झाला ते कळणार नाही. रिपोर्टची एक प्रत त्याच्या हातात द्या. ही माणसं कारखाने बदलत राहतात आणि जुने कागद मागच्या ऑफिसात पडून राहतात.