मोटरहोम घ्यावं की गाडीमागे ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर?

तुम्ही दोघं, बरोबर एक शाळकरी मूल, सुट्ट्यांमध्ये काही आठवडे बाहेर राहायचा बेत आणि दारात आधीच एक मध्यम आकाराची एसयूव्ही. एवढं सांगून "यातलं सोयीचं काय पडेल?" असं तुम्ही विचारलंय. मोटरहोम म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारं घर, आणि ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेलं, गाडीला जोडून ओढायचं घर. मी दोन्ही प्रकारांत राहिलोय. सध्या आमच्याकडे ट्रेलर आहे, त्यामुळे माझा कल तिकडे झुकणार, हे गृहीत धरून वाचा.

शोरूममध्ये गेलात की पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर हेच दाखवतात. त्यावरून ठरवू नका, कारण हे सगळं दोन्हींत मिळतं आणि जवळपास सारखंच असतं. आधी घरात बसून एकच गोष्ट ठरवा: एका जागी साधारण किती रात्री राहणार? माझ्या मते निम्म्याहून जास्त निर्णय तिथेच होतो.

रोज नाहीतर एकाआड एक दिवस पुढचा मुक्काम असेल, तर मोटरहोमला तोड नाही. पोहोचलात, जागेवर लावलंत, इंजिन बंद केलंत की घर तयार. बाहेर धो धो पाऊस असला तरी खाली उतरायची गरज नाही. सीटवरून उठा आणि चहा टाका. ट्रेलरवाल्याचं काम मात्र तेव्हा सुरू होतं. आधी रिव्हर्स घेऊन जागेवर बसवायचा, डावी-उजवी बाजू एका पातळीत आणायला एका चाकाखाली फळ्या घालायच्या, मग चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. ते लावल्याशिवाय गाडीपासून सोडवायचा नाही. उतारावर हा क्रम चुकला तर ट्रेलर चालू लागतो. सोडवल्यावर पुढचा जॅक फिरवून पुढची-मागची पातळी जुळवायची आणि शेवटी चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर टेकवायचे. हे आत चालताना ट्रेलर डळमळू नये म्हणून असतात. पुष्कळ जण त्यांनीच ट्रेलर उचलायला जातात आणि सांगाडा वाकवून बसतात. सरावलेल्या माणसाला या सगळ्याला अर्धा तास पुरतो. पण सलग चार दिवस रोज संध्याकाळी हा अर्धा तास, आणि सकाळी तेच सगळं उलट्या क्रमाने, म्हणजे सहलीचा कंटाळा यायला पुरेसं आहे.

तीन-चार रात्री किंवा जास्त एका जागी राहणार असाल तर पारडं फिरतं. ट्रेलर तिथेच राहतो आणि गाडी मोकळी होते. मोटरहोममध्ये दूध आणायला जायचं तरी टेबलावरचं आवरा, कपाटांना कड्या लावा, वीज-पाण्याची जोडणी काढा आणि घर घेऊन निघा. परत येईपर्यंत जागा रिकामी दिसते म्हणून कोणीतरी घुसतं, ते वेगळंच. मोठ्या मोटरहोमवाल्यांचा यावर उपाय म्हणजे मागे एक छोटी गाडी ओढत न्यायची. पण मग हिचची, म्हणजे मागचं वाहन गाडीला जोडायच्या सांध्याची, कटकट टाळायला मोटरहोम घेतलं आणि हिच आलाच, वर दुसरं इंजिनही सांभाळायचं. शिवाय चारही चाकांवर ओढलेली गाडी मागे असताना रिव्हर्स घेता येत नाही. तिची पुढची चाकं भलतीकडे वळतात. चुकीच्या गल्लीत शिरलात तर उतरून, गाडी सोडवून, मगच मागे यायचं. आणि सगळ्या गाड्या अशा ओढताही येत नाहीत. अनेक गाड्यांचा गिअरबॉक्स त्यात खराब होतो, म्हणून त्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचावं लागतं.

रस्त्यांच्या मर्यादांचाही विचार करा. अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचा 'गोइंग-टू-द-सन' रस्ता घ्या. त्याच्या डोंगरातल्या मधल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन चालत नाही, आणि रुंदीत आरसेही मोजतात. ट्रेलरवाला कॅम्पग्राउंडवर ट्रेलर सोडतो आणि साध्या गाडीतून तोच रस्ता बघून येतो. मोठ्या मोटरहोमवाल्याला बसची वाट बघावी लागते. जुन्या गावांतल्या अरुंद गल्ल्या, कमी उंचीचे पूल, पार्किंगच्या कमानी, सगळीकडे हाच प्रकार.

याला अपवाद व्हॅनचा, म्हणजे स्प्रिंटर किंवा ड्युकाटोसारख्या व्हॅनमध्ये बसवलेल्या छोट्या घराचा. अमेरिकेत याला 'क्लास बी' म्हणतात ('ए' म्हणजे बसएवढं, 'सी' म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेलं). ती रोजच्या गाडीसारखी कुठेही जाते आणि लावायलाही फारसा त्रास नाही. पण दोघांना ती छान, तिघांना रोज रात्री बैठकीचा पलंग करायचा आणि सकाळी पलंगाची बैठक. मूल मोठं होत जाणार आहे, हेही लक्षात असू द्या.

आता तुमच्या एसयूव्हीकडे येतो, कारण गाडी आहेच म्हणून तुम्ही ट्रेलर स्वस्तात पडेल असं धरून चालला आहात. पडेलही. पण जाहिरातीतला 'एवढे किलो ओढते' हा आकडा जवळजवळ रिकाम्या गाडीचा असतो. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांची ओढायची ताकद संपायच्या आधी पेलोड संपतो. पेलोड म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर घ्यायचं वजन: माणसं, सामान आणि हिचवर ट्रेलर जो भार टाकतो तो. उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांवर हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. इतरत्र गाडीच्या कागदांवरच्या कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करून तो काढता येतो.

एक उदाहरण मांडतो. समजा पेलोड ५५० किलो आहे. तुम्ही तिघं मिळून १९० किलो, हिचचं लोखंड ४०, गाडीतल्या बॅगा ६०. झाले २९०, उरले २६०. ट्रेलर भरून २,००० किलोचा असेल तर त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. १३ टक्के धरले तर बरोबर २६०. म्हणजे ओढायची क्षमता कागदावर अडीच हजार किलो असली तरी दोन हजारांतच गाडी काठोकाठ भरली. टपावर एक सायकल चढवलीत की गणित कोसळलं.

ट्रेलरच्या वजनाचंही तसंच. माहितीपत्रकात छापलेलं 'ड्राय' वजन विसरून जा. त्यात पाणी नसतं, गॅसचे सिलिंडर भरलेले नसतात, पुष्कळदा बॅटरीही धरलेली नसते आणि तुमची भांडीकुंडी तर नसतातच. दीडशे लिटर पाणी म्हणजे सरळ दीडशे किलो. हिशेब करताना ट्रेलरच्या प्लेटवरचं कमाल वजन घ्या. घेतल्यावर एकदा सगळं भरून ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन बघा. अंदाज आणि काटा यांचं सहसा पटत नाही.

हे १० ते १५ टक्के अमेरिकी ट्रेलरसाठी. युरोपात हा भार ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. तिथल्या कॅराव्हॅन (तिकडे ट्रेलरला हेच म्हणतात) त्याच हिशेबाने बांधलेल्या असतात आणि ओढताना वेगही कमी ठेवावा लागतो. जर्मनीत ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटर, आणि खास मंजुरी असेल तर १००. तेव्हा एका खंडातला सल्ला दुसऱ्या खंडात जसाच्या तसा लावू नका.

हिचवर भार हवाच कशाला, असं वाटेल. मागे जास्त वजन पडून उलाळ झालेली बैलगाडी आठवा. ट्रेलरचं तसं झालं तर तो मागून शेपूट हलवू लागतो आणि ठरावीक वेगापुढे ते हलणं आपोआप वाढत जातं. जड सामान आसाच्या थोडं पुढे ठेवलं की हा धोका बराच कमी होतो. सायकली मागच्या बंपरला टांगणारे नेमकं उलटं करतात. तरीही कधी हलायला लागलाच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या यंत्राची) हाताने दाबायची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका आणि वेग वाढवून सरळ करायच्या फंदात तर अजिबात पडू नका. ज्या ट्रेलरला अशी कळ नाही, तिथे ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू देणं हाच मार्ग. मोटरहोमला ही भानगडच नाही. बाजूचा वारा त्यालाही ढकलतो, पण मागे दुसरं काही वळवळत नसतं. नवख्या माणसाला हमरस्त्यावर मोटरहोम चालवणं सोपं जातं, हे ट्रेलरवाला असूनही मान्य करतो.

रिव्हर्सची मात्र लोकांनी उगाच धास्ती घेतली आहे. स्टिअरिंग खालच्या बाजूला धरा. हात ज्या दिशेला जाईल त्या दिशेला ट्रेलरची मागची बाजू जाते. मोकळ्या मैदानात दोन-तीन संध्याकाळी घालवल्या की जमतं. छोटा ट्रेलर मागे घ्यायला सोपा वाटतो, पण असतं उलटं: आखूड ट्रेलर पटकन दुमडतो, लांब सावकाश वळतो आणि सुधारायला वेळ देतो.

मोटरहोमला वजनाची कटकट नसते असंही नाही. युरोपात कार चालवायचा साधा 'बी' परवाना ३,५०० किलोपर्यंतच चालतो, त्यामुळे बरीच मोटरहोम त्या आकड्यात कशीबशी बसवलेली असतात. रिकामं असतानाच ते बहुधा तीन हजारांच्या आसपास गेलेलं असतं. मग माणसं, पाणी, सायकली आणि छत्रीसारखा पडदा लावला की मर्यादा ओलांडली. विकत घेताना किती वजन भरता येईल हा आकडा लेखी मागा.

मुलाबद्दल. मोटरहोम म्हणजे ते मागे पलंगावर झोपून येईल, असा बऱ्याच आईबाबांचा समज असतो. चालत्या वाहनात त्याला पट्टा लावलेल्या सीटवरच बसायला हवं, आणि तीही पुढे तोंड असलेली. आडव्या सोफ्यावर मुलाची सीट नीट बसत नाही. अशा किती सीट आहेत ते मोजून बघा, पलंगांच्या संख्येवर जाऊ नका. धावत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवणं तर बहुतेक ठिकाणी बेकायदाच आहे.

खर्चाचं थोडक्यात सांगतो. मोटरहोम म्हणजे आणखी एक इंजिन, आणखी एक गिअरबॉक्स, त्याचा विमा, त्याची सर्व्हिसिंग. इंजिन बिघडलं की घरच गॅरेजमध्ये जातं आणि तुम्ही हॉटेल शोधता. ट्रेलरला बेअरिंगचं ग्रीस, ब्रेक, टायर आणि छताचं सील बघितलं की भागतं. ओढणारी गाडी बिघडली तरी दुसरी जोडता येते. शिवाय मोटरहोमला पडून राहणं मानवत नाही आणि तुम्ही तर ते वर्षातले बरेच महिने उभंच ठेवणार आहात. पण ट्रेलरसाठी मोठी गाडी नवीन घ्यावी लागली, तर हा फायदा बराचसा जातो, कारण ती गाडी मग तुम्ही वर्षभर, ऑफिसला जाताना सुद्धा चालवणार.

जुनं घ्यायचं ठरलं तर दोन्हींत पहिला शत्रू पाणी. छताच्या कडा, खिडक्यांचे कोपरे, पलंगाखालची फळी हाताने दाबून बघा. मऊ लागली किंवा कुबट वास आला तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. टायरची नक्षी शाबूत असूनही टायर म्हातारा असू शकतो. त्याच्या कडेवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सात वर्षांपुढचा टायर मी बदलूनच घेतो.

तुमच्या बाबतीत माझं मत असं. शाळेच्या सुट्टीत जाणार, म्हणजे बहुधा एका जागी चार-पाच रात्री राहून आसपास फिरणार. तसं असेल तर हलका ट्रेलर घ्या, आणि तोही स्टिकरवरच्या पेलोडवरून उलटा हिशेब करून जेवढा परवडतो तेवढाच. बंगल्यासारखा ऐसपैस ट्रेलर बघून भुललात तर पुढच्या वर्षी गाडी बदलायची वेळ येईल. आणि रोज नवं गाव हेच तुमचं स्वप्न असेल, तर वर्षातल्या त्या तेवढ्या आठवड्यांसाठी मोटरहोम विकत घेऊ नका, भाड्याने घ्या.

कुठलंही घ्या, पण आधी दोन्ही प्रकार एकेकदा भाड्याने वापरा. शक्यतो हवा वाईट असताना, कारण उन्हात सगळेच आवडतात. आणि शेवटच्या दिवशी टाक्या स्वतः रिकाम्या करा: हातमोजे घालून आधी संडासाची टाकी, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम मोटरहोममध्येही सुटत नाही आणि ट्रेलरमध्येही नाही, तेव्हा ते कोण करणार हे तुम्ही दोघांनी पैसे भरायच्या आधी ठरवून टाका.