अधिकृत साइटवरून घेतलेल्या फाइलचा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला, म्हणजे ती सुरक्षित का?

नाही. फाइल वाटेत बिघडली नाही, एवढंच त्यातून कळतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइट फोडून हल्लेखोरांनी डाउनलोडची लिंकच चोरदरवाजा (गुपचूप आत शिरायची वाट) असलेल्या आयएसओकडे, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलकडे, वळवली होती. साइट हाती आली की चेकसमही बदलता येतो, म्हणून जीपीजी सही (फाइल खऱ्या निर्मात्याचीच आहे हे दाखवणारी डिजिटल सही) तपासा आणि तिची चावी दुसरीकडून पडताळा.

पण सही करणाराच फितूर निघाला तर? लिनक्समध्ये फाइली लहान करायला वापरतात त्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आवृत्तीत तेच झालं. सही खरी, आत चोरदरवाजा! मार्च २०२४ मध्ये एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे सॉफ्टवेअर अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकलं, ते खोदत गेले, म्हणून तो सापडला. किती थोडक्यात निभावलं!

हार्डवेअर आपण उघडून तपासू शकत नाही. म्हणून निदान बायोस (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट वेळेवर टाका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र अजिबात नको.