वडिलांचं चालणं मंदावलंय पण रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजी करायची का?

तुम्ही विचारलंय की वडील ७४ वर्षांचे, हल्ली हळू चालतात, खुर्चीतून हात टेकून उठतात, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तर हे वयाचंच समजायचं का, आणि चालणं मंदावलं की आयुष्य कमी होतं हे खरं का.

चाल मंदावलेली माणसं सरासरीनं कमी जगतात हे खरंय. आणि "वयाचंच आहे" हे मीच दोन वर्षं म्हणत बसले होते म्हणून लिहायला घेतलं, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

आमचं गाव औसा तालुक्यात. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्या पंचाहत्तरीच्या पुढं गेल्या तरी सकाळच्या भाकरी त्याच थापायच्या, चुलीपुढं बसून दहा-बारा भाकरी, मग अंगण झाडायचं, मग दुपारी सूप घेऊन जोंधळे पाखडायचे. मी अंगणवाडीत, त्यामुळं "सून नोकरी करते अन् सासूला राबवते" हे गावानं आणि विशेष करून माझ्या नणंदबाईंनी ठरवूनच टाकलेलं. आत्यांना कुणी विचारलं नाही. मी एकदा हातातलं सूप घ्यायला गेले तर म्हणाल्या, "ठिव ते, तुला खडा तरी दिसतोय का."

२०१८ ची दिवाळी झाली अन् नणंदबाई आत्यांना संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) घेऊन गेल्या, माय आता आराम करंल म्हणून. तिसरा मजला, लिफ्ट, सोफा, टीव्ही, चहा हातात, ताट हातात, पाण्याचा तांब्यासुद्धा उठून घ्यायचा नाही. प्रेमानंच केलं, ते मी नाकारत नाही. पाडव्याला आणून सोडलं तेव्हा वजन वाढलेलं, तोंडावर तकाकी, सगळे म्हणाले बघा लेकीकडं कशी सुधारली. संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला त्या खाली बसल्या अन् उठताना मी बघितलं. आधी एक हात गुडघ्यावर ठेवला की उभ्या व्हायच्या. आता डावा हात फरशीवर, जमेना, मग दोन्ही हात, मग रांगत्या लेकरासारखं वळून गुडघ्यावर आल्या, देव्हाऱ्याचा कठडा धरला, तोवर पदर पायाखाली अडकलेला, तो सोडवायला परत खाली बसल्या. मी बघायलेय हे कळलं तशा हसल्या, "पायाला मुंग्या आल्या बाई."

आषाढात न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड. लातूरला ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण अंथरूण काही सुटलं नाही. येळवशीच्या (वेळ अमावस्या, आमच्याकडं त्या दिवशी शेतात जाऊन पूजा अन् जेवण असतं) आधी बारा दिवस गेल्या. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की साधारण पाचातलं एक माणूस वर्षाच्या आत जातं, कुठं कुठं चारातलं एक, हे मला नंतर कळलं. तेराव्याला भरल्या ओसरीत नणंदबाई म्हणाल्या, "राबवून राबवून संपवली माझ्या मायला." तेव्हा मी गप्प बसले. आता बसत नाही.

लेक फिजिओथेरपीला आहे, तिनं मला वाचायला दिलं. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं, बसायचे ५ मार्क, उठायचे ५, हात किंवा गुडघा टेकला की एक कमी. २०१२ साली ते छापून आलं. ज्यांना तीन किंवा त्याच्या खाली पडले त्यांच्यात पुढच्या सहाएक वर्षांत वारण्याचं प्रमाण आठ ते दहावाल्यांच्या पाच-सहा पट निघालं. मी लगेच त्या पाडव्याच्या संध्याकाळचे आत्यांचे मार्क मोजले. उठायचा एकसुद्धा धड पडत नव्हता.

चालण्याचं म्हणाल तर २०११ साली पासष्टीपुढच्या ३४,४८५ लोकांचा हिशोब मांडला होता, त्यात असं निघालं की वय, बाई की पुरुष आणि चालण्याचा वेग एवढ्या तीन गोष्टींवरून माणूस किती जगेल याचा अंदाज जेवढा बरोबर येतो तेवढाच बीपी, वजन, जुने आजार, दवाखान्याच्या वाऱ्या सगळं धरून येतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल यावर जाऊ नका, रक्तात पाय दिसत नाहीत. घरी ४ मीटर आखा, आखल्याच्या थोडं आधीपासून नेहमीच्या चालीनं चालू द्या. ५ सेकंदांच्या वर लागले तर मनावर घ्या.

आणि आरामाचं. चांगल्या धडधाकट, सरासरी ६७ वयाच्या दहा-बारा लोकांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं तर पायाचं जवळपास एक किलो मांस गेलं. आत्या सोफ्यावर पाच महिने होत्या. अंथरूण अन् सोफा सारखा नाही, माहितीय मला, पण नणंदबाईंना कोण सांगणार.

आता माझंही सांगते. येळवशीला आत्या दरवर्षी आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन चालत शेतात यायच्या, दीड किलोमीटर असेल. २०१६ ला म्हणाल्या तुम्ही व्हा पुढं, मी मागून गाडीवर येते. २०१७ ला आल्याच नाहीत, भज्जी घरीच पाठवा म्हणाल्या. मी म्हणलं वय झालं. लंडनच्या सरकारी नोकरांवर कित्येक वर्षं चाललेला एक अभ्यास आहे, त्यात जे वारले त्यांचं खुर्चीतून उठणं दहा वर्षं आधीपासूनच बाकीच्यांपेक्षा मंद होतं, अन् आंघोळ, कपडे, स्वैपाक असल्या रोजच्या कामातली अडचण चारेक वर्षं आधीपासून दिसली. म्हणजे आत्यांचं सोफ्याच्या आधीच सुरू झालेलं असणार, आणि ते मला दिसत होतं. चाल मंदावल्यामुळं माणूस जातो की आत काहीतरी चाललंय म्हणून चाल मंदावते हेही यातून ठरत नाही, बरंचसं आतलंच कारण असावं. तेव्हा सगळं खापर नणंदेवर फोडता येत नाही. पाऊण फोडते.

वडिलांचं तर, हातातलं काम काढू नका, दूध आणणं असेल, बाजार असेल, जे असेल ते. खुर्ची भिंतीला लावून हात न टेकता उठ-बस, सुरुवातीला पाच. शेंगदाणे, डाळ, दही, चालत असेल तर अंडी, नुसत्या भाकरीवर पाय भरत नाहीत (किडनीचं काही असेल तर डॉक्टरला विचारून). न्हाणीत धरायला दांडी आजच बसवा. गुडघे गेलेले असतील तर ती जमिनीवरची परीक्षा घेऊ नका, पडतील. आणि डॉक्टर बदलून का होईना पण थायरॉइड, बी१२, नजर, उभं राहिल्यावर बीपी पडतं का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हात थरथरतो का, एवढं बघून घ्या. अचानक मंदावलं असेल किंवा एकाच बाजूचा पाय ओढत असतील तर हे उत्तर वाचत बसू नका, आधी दवाखाना.

नणंदबाईंची लेक, माझी भाची, ही साइट वाचते, वाचू दे. यंदा महालक्ष्म्याला नणंदबाई आल्या होत्या, चौसष्टीच्या आहेत आता, खुर्चीतून उठताना म्हणाल्या, हात दे गं जरा. मी म्हणलं, उठा तुमच्या तुम्ही. तेव्हापासून अबोला आहे.