कुत्री व्यायल्यापासून सारखी फेऱ्या मारते, धापा टाकते. काळजीचं आहे का?

पहिले 1-2 दिवस असेल तर बहुतेक नाही. गर्भाशय आकसत असतं, म्हणून धाप लागते. अंथरूण उकरणं, पिल्लू तोंडात धरून कोपरे शोधणंही चालायचंच. जागा शांत ठेवा आणि बघ्यांना आधी हाकला, निम्मा त्रास त्यांचाच असतो.

पण पिल्लं 2-3 आठवड्यांची झाल्यावर ती अचानक बेचैन झाली, अंग थरथरतंय, पाय ताठ टाकतेय, तर सकाळची वाट बघू नका. दुधावाटे कॅल्शियम जाऊन रक्तातलं घटलेलं असू शकतं. लहान जातीची, भरपूर पिल्लांची आई असेल तर जास्तच. झटके येऊन जीवही जातो. पिल्लं बाजूला करा, तडक पशुवैद्यांकडे न्या. कॅल्शियम शिरेतून सावकाश द्यावं लागतं, घरी गोळ्या चारण्यात वेळ घालवू नका.